पटाशी प्रकाशन, कैरो

इन्शिराहबाई आयुष्यात फारसं खोटं बोलल्या नाहीत. दोनदाच काय ते बोलल्या, आणि दोन्ही वेळा पुस्तकांपायी. पहिलं खोटं वीस-बावीस वर्षं निभावलं. दुसरं एकाच हिवाळ्यात अंगाशी आलं.

इजिप्तमधल्या दुम्यात या सुतारांच्या गावी, मुलींच्या शाळेत त्या एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. ग्रंथालय म्हणजे एक लांबट खोली. खाली सुतारांची गल्ली, तिथल्या करवतींचा आवाज दिवसभर कानात. दुसऱ्या शाळांत पुस्तकांवर धूळ बसते, इथे भुसा बसायचा. बाई रोज सकाळी फडकं घेऊन तो झटकायच्या, आणि मुलींनी बोट ओलं करून पान उलटलं की अशा बघायच्या की मुलगी बोट तसंच हवेत धरून उभी राहायची.

या खोलीत दाराच्या मागे एक लोखंडी कपाट होतं. त्यात फुटका पृथ्वीगोल, फाटके नकाशे, आणि काही पुस्तकं. ही पुस्तकं कोणती, तर ज्यांच्या पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, ‘लेखकाच्या स्वतःच्या खर्चाने’. आमच्याकडे ही ओळ म्हणजे कपाळावरचा डाग. गावात कुणी पुस्तक हातात घेतलं की आधी नाव बघत नाही, ही ओळ आहे का ते बघतो. असली की मग, “हो का, वा वा, मुबारक,” म्हणून पुस्तक काखेत मारतो, आणि ते काखेतून पुढे कुठे जातं ते कुणाला कळत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक तपासणी अधिकारी बाईंना म्हणाले होते, “जे कुठल्या प्रकाशकाने घेतलं नाही ते आपण शेल्फवर का घ्यायचं?” ते साहेब बदलून गेले, वारलेसुद्धा. बाईंनी मात्र त्यांचा शब्द शेवटपर्यंत पाळला. नव्याने आलेल्या माणसाला नियमाचा आधार वाटतो, आणि पुढे आधाराचीच सवय होते.

त्याच शाळेत गणित शिकवायला उस्ताज मुतवल्ली होते, उस्ताज म्हणजे मास्तर. बुटके, सदा खडूने माखलेली बाही, आणि कवितेचा नाद. गणिताच्या मास्तराने कविता कराव्यात याचं गावाला भारी हसू यायचं. “उस्ताज, आजची कविता पाचाने भागली की दहाने?” असं कॉफीच्या दुकानात कुणीही विचारायचं. मास्तर स्वतःही हसायचे. त्यांनी आपल्या खर्चाने तीन छोट्या पुस्तिका छापल्या होत्या. त्यातली पहिली त्यांनी दोन्ही हातांनी धरून बाईंना आणून दिली, शाळेच्या ग्रंथालयासाठी.

बाईंनी नोंद केली, शिक्का मारला, मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी चिकटवली. मग पहिलं पान उलटलं, ती ओळ पाहिली, आणि पुस्तिका लोखंडी कपाटात गेली.

पंधरा दिवसांनी मास्तर मोकळ्या तासाला आले आणि कवितेच्या शेल्फवरून बोट फिरवत फिरवत चालले. मास्तरांचं बोट शेल्फच्या टोकाला पोचलं, थांबलं. त्यांनी वळून पाहिलं मात्र, आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, “बाहेर गेलंय, उस्ताज. एका मुलीने नेलंय.”

मास्तरांचा चेहरा असा फुलला की बाईंना पुढचं काही बोलताच येईना. त्यानंतर मास्तर निवृत्त होईपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी यायचे, शेल्फवर बोट फिरवायचे, आणि बाई म्हणायच्या, “बाहेर गेलंय.” पुढे पुढे तर मास्तर विचारायचेही नाहीत, रिकाम्या जागेकडे बघूनच खूश व्हायचे. गावात कुणी टिंगल केली की म्हणायचे, “हसा लेको. शाळेत माझं पुस्तक शेल्फवर टिकत नाही, विचारा सित्त इन्शिराहना.” त्या माणसाची सगळी ऐट एवढ्या एका गोष्टीवर उभी होती, आणि ती गोष्ट खोटी होती. हे फक्त बाईंना ठाऊक होतं.

निवृत्त होताना बाईंनी ती पुस्तिका रीतसर बाद करून घरी नेली, आणि चादरींच्या खाली ठेवली. उघडून मात्र कधी वाचली नाही. धीरच झाला नाही.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. वडिलांजवळच राहिल्या. वडील, उस्ता मोअती, लाकडावर नक्षी कोरायचे. खुर्च्यांच्या पाठींवर चाळीस वर्षं त्यांनी गुलाब कोरले. खुर्ची तयार झाली की खालच्या बाजूला दुकानदाराच्या नावाची चिठ्ठी लागायची. कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही, तशी पद्धतच नव्हती. म्हातारपणी बोटं थरथरायला लागली तेव्हा ते नुसते बोलायचे. कोणत्या पानाच्या वळणाला काय म्हणतात, कोणती पटाशी कुणाच्या हातची, लाकूड फाटलं तर कोणती शिवी द्यायची आणि कोणती मुळीच द्यायची नाही. बाई ऐकायच्या, आणि लिहून ठेवायच्या. वडील गेल्यावर त्या वह्यांचं पुस्तक झालं, ‘दुम्यातच्या नक्षीदारांची बोली’.

कैरोच्या तीन प्रकाशकांना त्यांनी ते पाठवलं. दोघांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्याने कळवलं की खुर्च्यांचे फोटो असतील तर बघू.

शेवटी बाई वह्या घेऊन दुसूकीच्या छापखान्यात गेल्या. दुसूकी म्हणजे गावभरच्या लग्नपत्रिका छापणारा, तोंडाचा फटकळ, बाईंच्या वडिलांच्या मांडीवर खेळलेला.

“छापतो की,” तो म्हणाला. “खाली नेहमीची ओळ टाकू ना? लेखिकेच्या स्वतःच्या खर्चाने?”

बाईंच्या डोळ्यांसमोर लोखंडी कपाट उभं राहिलं. त्यात फुटका पृथ्वीगोल, आणि त्याच्या शेजारी अब्बा.

“नको,” त्या म्हणाल्या.

“मग काय टाकू? ती जागा मोकळी सोडली तर लोक म्हणतील चोरीचं आहे.”

“प्रकाशकाचं नाव टाक.”

“कोणत्या?”

बाईंनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. “पटाशी प्रकाशन,” त्या म्हणाल्या.

दुसूकी हसायला लागला. “आहे कुठे हे?”

“माझ्या स्वयंपाकघरात. हसतोस काय? नाव ठेवायला कुणी आडवं येतं का? दुकानाला ठेवतात, नावेला ठेवतात.”

“मग गावही टाका. आणि दुम्यात टाकू नका, सांगून ठेवतो. कैरोत खुर्ची खपवायची तर दुम्यातची चिठ्ठी लावतात, आणि दुम्यातमध्ये पुस्तक खपवायचं तर कैरोची लावावी लागते. आपली माणसंच अशी, त्याला तुम्ही काय करणार आणि मी काय करणार!”

असं ते नाव झालं. खाली वडिलांच्या पटाशीचं छोटंसं चित्र, त्याखाली ‘पटाशी प्रकाशन, कैरो’.

आणि काय सांगू, पुस्तक चाललं. संस्कृती भवनात त्याच्यावर एक संध्याकाळ झाली. नक्षीदारांनी ते दुकानांत फळीवर ठेवलं. उस्ता मोअतींचं नाव पहिल्यांदा छापलेलं दिसलं. कुणी बाईंना विचारलंच, तर त्या “कैरोची मंडळी आहेत” एवढंच म्हणून चहा पुढे करायच्या.

त्या संध्याकाळी शेवटच्या रांगेत मुतवल्ली मास्तर होते. त्यांनीही सगळ्यांसारखं आधी पहिलं पान उलटून खाली पाहिलं होतं. आठच दिवसांनी ते बाईंच्या दारात उभे राहिले. काखेत निळी फाइल.

“सित्त इन्शिराह, तुमची तिथे ओळख झाली आहे. माझं एक काम करा. तीन पुस्तकं काढली मी, तिन्हींवर ती ओळ. सनिय्या म्हणायची, एक तरी असं काढा की ज्यावर ती ओळ नसेल. ती गेली, आता मीही काही फार दिवस पुरायचा नाही. त्यांना नुसतं वाचायला सांगा. नाही म्हणाले तर नाही.”

सनिय्या म्हणजे त्यांची बायको. जाऊन चार वर्षं झाली होती. फाइलमध्ये सगळ्या कविता तिच्यावरच होत्या.

बाईंनी फाइल घेतली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, हे त्यांनाही कळत होतं. पण मास्तरांनी फाइल दोन्ही हातांनी धरली होती, बावीस वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेसारखीच. दुसऱ्यांदा त्या हातांतून घेऊन कपाटात टाकायचं त्यांच्याने होईना.

त्यांनी फाइल वाचली. कविता, खरं सांगायचं तर, बेताच्याच होत्या. बाई दोन दिवस विचार करत बसल्या, मग दुसूकीकडे जाऊन त्याच्या यंत्रावर एक पत्र टंकून घेतलं. अक्षर मास्तर ओळखतील ही धास्ती होती.

‘आदरणीय कवी, आपलं हस्तलिखित मंडळाने वाचलं. आपल्या कवितांत चंद्र एकतीस वेळा आला आहे. आपल्या पत्नीचा चंद्राशी काही संबंध होता का? त्या दिवसभर काय करत, कशावर चिडत, ते कळवावं. संपादक मंडळ, पटाशी प्रकाशन.’

दुसूकी म्हणाला, “सित्त इन्शिराह, हे फार झालं. म्हातारा रडेल.”

म्हातारा रडला नाही. महिन्याभराने धापा टाकत जिना चढून आला. “माणसं बघा कशी असतात! चाळीस वर्षं मी लिहितोय, एकाने तरी मोजले होते का चंद्र? गणित मी शिकवलं आणि मोजायला कैरोची माणसं लागली!” त्यांनी सगळं नव्याने लिहून आणलं होतं. त्यात सनिय्या होती. ती संध्याकाळी मास्तरांचा कोट खिडकीत धरून बाहीवरचा खडू झटकायची, आणि समोरच्या घराची वेल वर्षभर पांढरी असायची. गुडघा दुखायचा म्हणून जिन्याच्या पायऱ्या मोठ्याने मोजत चढायची आणि बाराव्या पायरीला नवऱ्याला हाक मारायची. ती कविता वाचताना बाईंनी चष्मा काढून पुसला.

अशी तीन पत्रं गेली. तिन्ही वेळा मास्तरांनी वाद घातला, पाय आपटले, आणि सुधारून आणलं. हिवाळ्याच्या तोंडावर पुस्तक निघालं, ‘बारावी पायरी’. खाली पटाशी, त्याखाली ‘पटाशी प्रकाशन, कैरो’. छपाईचं बाईंनी दुसूकीशी परस्पर मिटवलं. मास्तरांनी पहिली प्रत सनिय्याच्या कबरीवर नेऊन तिला वाचून दाखवली. बाईंना वाटलं, चला, सुटले.

जानेवारीत कैरोला पुस्तकांची जत्रा भरते. त्या दिवशी सकाळी बाई घेवडा निवडत बसल्या होत्या तर दुसूकी धावत आला.

“म्हातारा बसच्या अड्ड्यावर आहे. नवा कोट, हातात मशब्बकचा खोका. जत्रेला निघालाय. म्हणतो, आमच्या प्रकाशकांचा स्टॉल बघून येतो, मालकाला मिठाई देतो. आता काय करता?”

बाईंनी घेवडा तसाच टाकला. मग काय मनात आलं कोण जाणे, कपाट उघडून चादरींखालची पुस्तिका पर्समध्ये घातली आणि पायांत सापडल्या त्या चपला घालून निघाल्या.

अड्ड्यावर समुद्राकडचा बोचरा वारा होता. मास्तर बाकावर ताठ बसले होते. मांडीवर खोका.

“तुम्हीही येताय?” ते आनंदाने म्हणाले.

“उस्ताज, जाऊ नका. तिथे स्टॉल नाही.”

“म्हणजे? यंदा घेतला नाही?”

“पटाशी प्रकाशनच नाही. मी आहे. माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल आहे आणि दुसूकीचं यंत्र आहे.”

बसचा कंडक्टर मन्सूरा, कैरो असं ओरडत होता.

“आणि ते मंडळ?” त्यांनी हळूच विचारलं.

“मीच.”

“चंद्र?”

“मीच मोजले. दोनदा.”

“सगळी फाइल वाचलीत?”

“चार वेळा, उस्ताज. पायऱ्यांची कविता त्याहून जास्त.”

मास्तरांनी खाली पाहिलं. बाईंना वाटलं आता उठून जातील. पण त्यांनी खोका उचलला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला. “मालकासाठी घेतला होता,” ते म्हणाले. “घ्या. गार झालाय जरासा.”

बाईंना रडू आलं. मास्तर असं गोड बोलले नसते तर पुढचं त्या कधीच बोलल्या नसत्या. पण एवढा चांगुलपणा फसवून घ्यायचा त्यांना सोसवेना. त्यांनी पर्स उघडली आणि जुनी पुस्तिका काढून दिली.

“हे कुणी नेलं नव्हतं, उस्ताज. एकदाही नाही. त्या ओळीमुळे मी ते दाराच्या मागच्या कपाटात ठेवलं होतं. तुम्हाला दर वेळी खोटं सांगितलं.”

मास्तरांनी पुस्तिका घेतली. मागचा पुठ्ठा उघडला. तारखांच्या चिठ्ठीवर रकाने होते, आखलेले, कोरे. मास्तरांनी ती चिठ्ठी वरपासून खालपर्यंत बोटाने तपासली, शेल्फ तपासायचे तशी.

“बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “सनिय्यालासुद्धा.”

त्यांनी पुस्तिका कोटाच्या खिशात घातली, आणि बाईंकडे न बघता बसमध्ये चढले. बस गेली. बाई मिठाईचा खोका घेऊन बाकावर बसून राहिल्या. दुसूकी शेजारी येऊन उभा राहिला.

तीन दिवस खोका ओट्यावर तसाच पडून होता. वडिलांच्या पटाशीकडे बघून त्यांना वाटायचं, नाव ठेवलं नसतं तर बरं झालं असतं. आपल्या पुस्तकावर तो डाग राहिला असता, पण एका माणसाचं आयुष्यभराचं सुख तरी शाबूत राहिलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या कोबीची पानं उकडून त्यांत भात भरत होत्या. जिन्यावरून आवाज आला. कुणीतरी मोठ्याने पायऱ्या मोजत चढत होतं. बाराव्या पायरीला हाक आली, “सित्त इन्शिराह!”

मास्तर आत आले आणि खुर्चीत धपकन बसले.

“वाटेतल्या मन्सूरापर्यंत मी तुम्हाला शिव्या देत होतो,” त्यांनी सांगून टाकलं. “मनातल्या मनात. शेजारी हाजी बसले होते म्हणून.”

“द्यायलाच हव्या होत्या.”

“तुम्ही आधी ऐका. मग माझ्याजवळ ती तीन पत्रं होती, मालकाला दाखवायला नेली होती. करायला काही नव्हतं म्हणून वाचत बसलो. पोचलो कैरोला. आता गेलोच आहे तर जत्रा बघून घ्यावी म्हटलं. पहिल्या स्टॉलवर गेलो आणि विचारलं, पटाशी प्रकाशनाची पुस्तकं आहेत का? नाही म्हणाला. म्हटलं, नाही? कसले पुस्तकवाले तुम्ही! पुढच्या स्टॉलवर गेलो. तिथेही तेच. दोन दिवस फिरलो, पायांचे तुकडे पडले. एक म्हणाला, दुम्यातचं प्रकाशन? दुम्यातला तर खुर्च्या बनतात. मी म्हटलं, मग बाबा, वाचायला बसणार कशावर?”

बाईंना हसू आलं आणि ते हुंदक्यातच अडकलं.

“सहा जणांनी नाव लिहून घेतलंय,” मास्तर म्हणाले. “गाव मी दुम्यात सांगितलं. पुढच्या पुस्तकावर तेच छापायचं, कैरो खोडा. ही माझी अट आहे.”

मग त्यांनी कोटाच्या खिशातून जुनी पुस्तिका काढली, मागचा पुठ्ठा उघडून टेबलावर ठेवली, आणि शेजारी आपलं पेन ठेवलं.

“हे ग्रंथालयाचं पुस्तक आहे,” ते म्हणाले. “अजून कुणी नेलेलं नाही. तुम्ही न्या.”

बाईंनी हात पुसले. दोनदा पुसले, तरी बोटांना भात होताच. त्यांनी पहिल्या रकान्यात तारीख घातली आणि पुढे आपलं नाव लिहिलं.

“पंधरा दिवस,” मास्तर म्हणाले. “उशीर चालणार नाही.”

“ठाऊक आहे, उस्ताज. नियम माझाच होता.”

जेवून, मशब्बकचे दोन तुकडे खाऊन मास्तर गेले. बाई खिडकीपाशी बसल्या आणि त्यांनी पुस्तिका उघडली. पहिल्याच कवितेच्या पहिल्याच ओळीत चंद्र होता. बाई हसल्या, आणि पुढे वाचत गेल्या.